चपलांपाशी कोण बसणार

भिवंडीतल्या कामतघरच्या माईंनी मोतीसरची वाव पाहिली नव्हती, पण वावेबाहेरच्या चपला पाहिल्या होत्या. आणि त्या चांगल्या निरखून पाहिल्या होत्या, कारण तिथे पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

ही लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षाची गोष्ट. तेव्हा माई माई नव्हत्या, कमळ होत्या. बडोद्याच्या मामेसासऱ्यांनी भिवंडीच्या सगळ्या गोतावळ्याला बोलावून घेतलं आणि मोतीसर दाखवायला नेलं. मोतीसर म्हणजे देवळांचं जुनं गाव. दोन देवळांच्या मधे मोकळी जागा दिसली की तिथली माणसं घर बांधायच्या ऐवजी तिसरं देऊळ बांधत, असं मामेसासरे सांगत. गावाबाहेर ती प्रसिद्ध वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. एखादं देऊळ जमिनीत उलटं रोवून ठेवावं तशी. तळाशी देवी, म्हणून चपला वरच काढायच्या. काढलेल्या चपलांपाशी कुणीतरी बसायचं, आणि घरचा रिवाज असा, की बसायचं ते धाकट्या सुनेनं. सासूबाईंनी तोंडानं काही सांगितलं नाही. त्यांनी आधी चपलांकडे पाहिलं, मग कमळकडे पाहिलं. कमळ बसली.

सगळे खाली गेले. बऱ्याच वेळानं सगळे वर आले. मामेसासऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि गाडीची वेळ झाली म्हणाले. तेवढ्यात मोठी नणंद रंगूबाई पदरानं कपाळ टिपत जवळ आली आणि म्हणाली, "कमळे, तू कायच पाह्यलं न्हाईस गं." आणि मग खाली काय होतं ते तिनं सांगायला सुरुवात केली.

ती सुरुवात अजून संपली नव्हती. रंगूबाईंना दिघाशीला दिलेलं होतं, पण माहेरच्या एकाही कार्याला त्या चुकत नसत, आणि कार्य कसलंही असो, वाव सांगितल्याशिवाय परत जात नसत. बारसं, मुंज, सत्यनारायण, एकदा तर तेराव्याला. वर्षागणिक वाव खोल होत गेली. आधी तिला तीन मजले होते. माईंचा हरी जन्मला तेव्हा पाच झाले आणि हरीच्या लग्नात सात. परवानगी न काढता इतके मजले चढवणं भिवंडीत दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. आणि तळाशी हत्ती. अख्ख्या एका दगडाचा. सुरुवातीला तो वासराएवढा होता. पुढे तो वयात आला, त्याच्यावर अंबारी चढली, माहूत बसला, आणि हरीच्या बायकोच्या, सरलाच्या, डोहाळजेवणाला तर त्याच्या सोंडेतून पाणी वाहू लागलं.

माईंना हत्तीचा राग नव्हता. राग होता तो शेवटच्या वाक्याचा. वर्णन संपलं की रंगूबाई हमखास म्हणत, "पण हिला काय ठावं. ही चपलांपाशी व्हती." बायका हसत. माईही हसत, आणि हसत हसत पोह्यांच्या बशा फिरवत. आयुष्यात माईंनी दागिना मागितला नाही, बंगला मागितला नाही. त्यांना फक्त एकदा ती वाव उतरायची होती, म्हणजे पुढच्या कार्यात ते वाक्य म्हणायची सोय राहणार नाही.

तात्यांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, त्यांनी मधूनमधून विचारून पाहिलं होतं. तात्या तेव्हा खाली गेलेले होते. "खरंच हत्ती आहे का हो?" यावर तात्या पेपर खाली न घेता म्हणत, "ताई म्हणते म्हणजे असेल." शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस उभ्या जन्मात कुणाच्या वाक्यात दुरुस्ती करायला गेला नव्हता.

मग एकोणनव्वद साल उजाडलं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कामतघरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. लूम, म्हणजे कापडाचे विजेवरचे माग, बंद पडले. रात्रंदिवस खडखडणारी वस्ती एवढी शांत झाली, की लोकांना झोप येईना. हरी ज्यांच्याकडे हिशेब लिहायचा त्या फखरुद्दीनशेठचा टेम्पो कापडाच्या गाठी घेऊन गुजरातेत जायचा आणि येताना सूत घेऊन यायचा. शेठ म्हणाले, गाडी तशीही अर्धी रिकामी चाललीय, माईंना कुठे देवाला जायचं असेल तर बसवून दे. शेठच्या बायकोनं, हबीबानं, रंगूबाईंची वाव सरलाच्या डोहाळजेवणात ऐकली होती. ती माईंना बाजूला घेऊन म्हणाली, "माई, तुम्ही स्वतः बघून या. सोंडेतून पाणी येतं हे मला काही पटलेलं नाही."

रंगूबाईंच्या घरी फोन नव्हता, तरी बातमी त्याच संध्याकाळी दिघाशीला पोचली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं रंगूबाई हजर. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, की वाव सरकारनं बंद केली हाय. माईंनी दशम्या भाजायला घेतल्या. मग कळलं, की तिथं साप हायेत. माईंनी शेंगदाण्याची चटणी कुटली. मग रंगूबाईंनी माईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. हे गुडघे भिवंडीतल्या दोन डॉक्टरांनी जिन्यासाठी बाद ठरवलेले होते. माईंनी दशम्या फडक्यात बांधल्या. टेम्पो दारात आला, तेव्हा रंगूबाई सगळ्यांच्या आधी चढून सर्वांत मऊ गाठीवर बसलेल्या होत्या. म्हणाल्या, "मी न्हाय आले तर तुम्हांला दावणार कोन?"

गाठींवर माई, रंगूबाई, तात्या आणि सून सरला अशी मंडळी बसली. जागा कमी पडू नये म्हणून हरी पोराला घेऊन घरीच राहिला. टपाला टेकून, गाठी उतरवायचे बांबू आणि दोरखंड घेऊन, कासम आणि दौलत बसले होते. हे दोघे शेठचे बीमवाले. लूमवर चढवायचा बीम म्हणजे सुताचे हजारो धागे गुंडाळलेला भला जाड रूळ. तो बांबूला टांगून, दोघांनी खांद्यावर घेऊन, लूमच्या अरुंद गल्ल्यांतून न्यायचा, आणि कुठे टेकवायचा नाही. लूमच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून बीमवाले बोलत नाहीत, बांबूवर बोटाच्या पेरानं ठोकतात. एकदा ठोकलं की थांब, दोनदा ठोकलं की चल, तीनदा ठोकलं की पुढे पायरी आहे. कासम आणि दौलत इतकी वर्षं एकत्र बीम वाहत होते, की एकमेकांशी तोंडानं बोलायचं त्यांना अवघडल्यासारखं होई. कासमची बायको सफिया तर तक्रार करायची, की हा माणूस घरीसुद्धा चहा हवा असला की पाटावर ठोकतो.

मोतीसर आलं तेव्हा सकाळ झाली होती. देवळं होती तशीच होती, दोन-चार वाढलीच असतील. वाव मात्र बदललेली दिसली. भोवती लोखंडी कुंपण, तीन भाषांत सरकारी पाटी, आणि खुर्चीवर एक पहारेकरी. वाव उघडी होती. सापांबद्दल पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, साप पूर्वी होते, आता सहली येतात म्हणून ते येत नाहीत. चपला मात्र इथेच काढायच्या.

सगळ्यांनी चपला काढल्या. आणि कुणी काही म्हणायच्या आत सरला खाली बसली. तिनं सगळ्यांचे जोड पुढ्यात ओढले, पदर सारखा केला आणि गुडघ्याला हातांची मिठी घालून ती समोरच्या रस्त्याकडे पाहू लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. माईंनीही सांगितलं नव्हतं. या घरात हे सांगावं लागत नसे.

माई तिच्याकडे बघत राहिल्या. आपण तेव्हा कशा दिसत होतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते आज आयतं बघायला मिळालं.

"ऊठ," माई म्हणाल्या.

सरला म्हणाली, पण चपला.

"ऊठ म्हणते ना."

सरला उठली. रंगूबाईंनी हीच वेळ साधली. त्या म्हणाल्या, की पोरीला जाऊ दे, तात्याला जाऊ दे, आपण म्हाताऱ्या दोघी चपलांपाशी बसू. "त्या गुडघ्यांनी उतरशील, पन तुला वर कोन आननार हाय? बस हितंच. खाली काय हाय ते मी सांगते की तुला."

माईंनी रंगूबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी आयुष्यातलं सर्वांत नम्र वाक्य उच्चारलं.

"वन्सं, तुम्ही तर सगळी पाहिलेली आहे. अगदी हत्तीच्या माहुतापर्यंत. तुम्हाला पुन्हा खाली काय काम? तुम्हीच बसा चपलांपाशी."

रंगूबाई पेचात सापडल्या. पुन्हा पाहायची आहे म्हणावं, तर गुडघे माईंपेक्षा वाईट. नीट पाहिली नव्हती म्हणावं, तर सात मजले आणि एक हत्ती अंगावर येतो. त्या कुंपणाला टेकून हळूहळू खाली बसल्या. तात्यांनी आपल्या वहाणा त्यांच्या पुढ्यात सरकवल्या आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

माई उतरू लागल्या. एक पाय खाली, दुसरा त्याच्या जोडीला, मग श्वास. सरला हाताला धरून होती. मागे कासम आणि दौलत, पहारेकरी आणि शेवटी तात्या. प्रत्येक टप्प्यावर माई बसत, आणि बसल्या की तिथलं सगळं बघून घेत, जणू उद्या कुणी परीक्षा घेणार आहे. खांबांवर वेली कोरलेल्या, भिंतीत रांगेनं देव, देवांच्या मधे नटलेल्या बाया. कुणी आरसा धरलेला, कुणी केस पिळतेय. जसजसं खाली जावं तसतसं ऊन वर राहू लागलं आणि दगड माठासारखा गार लागू लागला. मजले सात नव्हते. पण जेवढे होते तेवढे पाहून माईंना वाटलं, की रंगूबाईंनी हिची स्तुतीच केली नाही, नुसतीच उंची वाढवली.

तळाशी पोचल्यावर माईंनी आधी देवीला हात जोडले आणि मग हत्ती शोधला. उजवीकडे नव्हता. डावीकडे नव्हता. पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "हाथी तो नहीं है, माजी. हाथी कभी था ही नहीं."

मग त्यानं वर बोट केलं. दुसऱ्या टप्प्याच्या जरा खाली भिंतीवर एक आडवी मळकट रेघ होती. वरचा दगड काळवंडलेला, खालचा नव्या नवरीसारखा उजळ. पहारेकरी सांगू लागला, की सरकारनं दहा-एक वर्षांमागं उपसायला घेतली, त्याच्या आधी वाव त्या रेघेपर्यंत गाळानं भरलेली होती. पायऱ्या थोड्याशा दिसायच्या, पुढं चिखल आणि बाभळी. लोक यायचे, चिखल बघायचे आणि परत जायचे.

माईंनी त्या रेघेपासून तळापर्यंतचे टप्पे बोटांवर मोजले. मग त्यांनी मान वळवली. तात्या एका खांबावरची वेल फार बारकाईनं बघत होते.

"तुम्ही होतात ना तेव्हा?"

"होतो."

"काय होतं खाली?"

तात्यांनी वेलीचं एक पान बोटानं पुसलं. "गाळ होता."

"इतक्या वर्षांत बोलला नाहीत."

"तू नेहमी हत्तीचंच विचारायचीस," तात्या म्हणाले. "गाळाचं कधी विचारलंच नाहीस."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामेसासऱ्यांनी एवढा खर्च करून आणलेलं, सासूबाई उन्हातून चालून दमलेल्या. चिखल पाहिला म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सगळे त्या चार पायऱ्यांवर मुकाट उभे राहिले, वर जायला लाज वाटत होती म्हणून जास्तच वेळ उभे राहिले. आणि वर आल्यावर कमळ विचारणार, की काय पाहिलं, म्हणून ताई पुढं झाली. बाकीचे सुटलो म्हणून गप्प बसले. ते आयुष्यभर गप्पच बसले, आणि त्यातले बरेचसे तसेच गप्प देवाघरी गेले.

म्हणजे ती वाव तेव्हा कुणीच पाहिली नव्हती. सगळ्या खानदानानं मिळून चिखल पाहिला होता, आणि तो चिखल सुखरूप राहावा म्हणून माईंनी वर चपला राखल्या होत्या. माईंना हसू आलं. आधी गालात आलं, मग पोटात उतरलं, मग त्या देवीच्या पायरीवर बसून एवढ्या हसल्या, की कोनाड्यातले पारवे उडाले. वावेला आवाज घुमतो. माईंचं हसू वर गेलं, फिरून खाली आलं, आणि ते परत ऐकून माई पुन्हा हसल्या.

डोळे पुसताना त्यांचं लक्ष समोरच्या भिंतीकडे गेलं. तिथे दगडात एक बाई उभी होती. कमरेत जराशी वाकलेली, एक हात वर, अंगावर हे एवढे दागिने. आणि पायांत चपला. चांगल्या उंच टाचेच्या, अंगठ्यापाशी पट्टा असलेल्या. माईंनी सरलाला जवळ बोलावून खात्री करून घेतली. चपलाच होत्या. सगळ्यांनी वर काढून ठेवल्या, देवांनी काढल्या, राजांनी काढल्या, आणि ही बाई पायांत घालून सरळ तळापर्यंत उतरली होती आणि शेकडो वर्षं तिथे उभी होती. तिला कुणी बस म्हटलेलं दिसत नव्हतं.

"ही बघ," माई सरलाला म्हणाल्या, "ही माझी."

आणि त्या तिच्यासमोर ऐसपैस बसल्या. घाई नव्हती. वर चपलांपाशी माणूस होतं.

वर जायची वेळ आली तेव्हा गुडघ्यांनी राजीनामा दिला. पहिल्याच पायरीवर माई म्हणाल्या, मला इथेच ठेवा, दगडातली म्हणून खपून जाईन. कासमनं दौलतकडे पाहिलं. दौलतनं मान डोलावली. दोघे वर गेले आणि टेम्पोतले दोन बांबू, दोरखंड आणि पहारेकऱ्याची खुर्ची घेऊन आले. पहारेकरी म्हणाला, खुर्ची सरकारी आहे. कासम म्हणाला, "माई भी कम नहीं है." खुर्ची बांबूंना बांधली, माईंना बसवलं, दोघांनी खांदा दिला.

"जड आहे रे मी," माई म्हणाल्या.

"बीमपेक्षा हलक्या आहात, माई."

"खोटं बोलू नकोस."

कासमनं जरा अंदाज घेतला. "बरं. बीमाएवढ्या."

दौलतनं बांबूवर दोनदा ठोकलं आणि माई हलल्या. तीनदा ठोकलं, पायरी आली. एकदा ठोकलं, थांबले. पुन्हा दोनदा. कुणी अक्षर बोलत नव्हतं. त्या गार दगडात फक्त टक टक, टक टक टक, आणि तेवढ्यावर माई एकेक पायरी वर निघाल्या, पेला भरून ठेवला असता तर हिंदकळला नसता इतक्या अलगद.

आता, त्याच वेळी देवळं पाहत फिरणारी यात्रेकरूंची एक मोठी बस वावेवर आली होती. त्या माणसांनी काय पाहिलं, तर जमिनीच्या पोटातून टक टक असा आवाज येतोय, आणि मग अंधारातून एक ठसठशीत कुंकू लावलेली, नऊवारी नेसलेली म्हातारी खुर्चीवर बसून तरंगत वर येतेय, पुढे-मागे दोन मौनी सेवक. माणसं बाजूला झाली. कुणीतरी हात जोडले, मग सगळ्यांनी जोडले. एका बाईनं खालच्या देवीसाठी आणलेला झेंडूचा हार माईंच्या गळ्यात घातला. माईंना नको म्हणायचं होतं, पण लोकांच्या श्रद्धेत लुडबुड कशाला करावी. त्यांनी एक हात जरासा वर केला. एका गृहस्थानं मागून येणाऱ्या तात्यांना विचारलं, ही कुठली माताजी. तात्यांना आजच कळलं होतं, की गप्प बसणं किती वर्षं अंगाशी येतं.

"कामतघरची," ते म्हणाले. "फार जागृत आहे."

अशा थाटात माई उन्हात आल्या आणि कासमनं एकदा ठोकलं. कारण पुढे जायला वाटच नव्हती. कुंपणापासून रस्त्यापर्यंत चपला होत्या. शे-दीडशे जोड. मधोमध रंगूबाई.

झालं होतं असं, की बस आली, लोकांनी पाहिलं, की चपलांपाशी एक बाई बसलीय, आणि सगळ्यांनी आपापल्या चपला तिच्या पुढ्यात काढल्या. रंगूबाई ओरडल्या, की मी त्यातली न्हाय. पण ते दिघाशीचं मराठी, आणि लोक गुजराती. त्यांना वाटलं, नीट ओळीत ठेवा म्हणतेय. त्यांनी ओळीत ठेवल्या. ओळीत ठेवलेल्या चपला बघून रंगूबाईंच्यातली मोठी नणंद जागी झाली. आता त्यांनी बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या, पोरांच्या पायथ्याशी अशी मांडणी केली होती, आणि एक गृहस्थ दुसऱ्याच्या वहाणा घालून निघाला होता त्याला धोतराला धरून परत आणलं होतं.

माईंची खुर्ची खाली टेकली. नणंद-भावजय समोरासमोर आल्या. एकीच्या गळ्यात हार, दुसरीच्या हातात कुणाची तरी सँडल.

रंगूबाईंनी हाराकडे पाहिलं, खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं, आणि शेवटी, फार हळू आवाजात, विचारायचं ते विचारलं. "हत्ती पाह्यलास?"

तात्या पुन्हा एखादी वेल शोधू लागले, पण वर वेली नव्हत्या. एका शब्दात सगळा हिशेब चुकता झाला असता. बारशांचा, मुंजींचा, पोह्यांच्या बशांचा.

"नाही दिसला," माई म्हणाल्या. मग गळ्यातला हार सारखा करत म्हणाल्या, "अजून गाळात आहे म्हणे. काढतायत."

गाळ हा शब्द रंगूबाईंपर्यंत पोचला. तो आत जाताना सगळ्यांना दिसला. त्यांनी माईंकडे पाहिलं, माईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि हत्तीचं काय ते तिथेच ठरलं.

मग रंगूबाईंनी हातातली सँडल खाली ठेवली. ओळीतून माईंच्या चपला उचलल्या, त्यांच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि वाकून, दोन्ही अंगठे नीट पुढे येतील अशा, माईंच्या पायांपाशी मांडल्या. थोरल्या नणंदेनं धाकट्या भावजयीच्या चपलांना हात लावला, हे त्या घराण्यात घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

माईंनी पाय पुढे केले. उजवा, मग डावा.

"आता उठा, वन्सं," त्या म्हणाल्या. "टेम्पोत बसू. खाली काय आहे ते मी सांगते तुम्हाला."

रंगूबाई म्हणाल्या, की आत्ता न्हाय जमायचं. लोकांच्या चपला अशा टाकून कसं जायचं. शेवटचा जोड मालकाच्या पायात जाईपर्यंत टेम्पो थांबला, सूत थांबलं, ड्रायव्हर झाडाखाली झोपून उठला. मग वाटेवर माईंनी वाव सांगायला घेतली. रंगूबाई सर्वांत मऊ गाठीवर बसून ऐकत होत्या. टेम्पो भिवंडीत शिरला तेव्हा कामतघरचे लूम पुन्हा खडखडत होते, आणि माई अजून दुसऱ्याच टप्प्यावर होत्या.